रेकॉर्डवरचे फटाके

इकडे आखातात, अल मजाजच्या आमच्या टॉवरमध्ये फटाक्यांना बंदी. पण आवाजाशिवाय दिवाळी कशी व्हायची? म्हणून आमची मराठी मंडळी लॉबीत भलामोठा स्पीकर लावून लवंगी माळेचं रेकॉर्डिंग वाजवतात. धूर नाही, वास नाही, नुसती तडतड, आणि वर टाळ्या! स्वतःचं कौतुक करण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

गेल्या दिवाळीत सिक्युरिटीच्या टेबलाशी नैरोबीची एक बाई होती. तिच्याशी रोज दोन शब्द बोलणारी मी एकटीच, आणि त्याचाही मला केवढा तोरा! तिच्या पत्र्याच्या वस्तीत पाण्याच्या नळावरसुद्धा टोळीची वसुली चालायची. तिच्या भावाने नकार दिला, तर त्याला नळावरच गोळ्या घातल्या. ही शेजारीच उभी होती. भाचीला खाली पाडून स्वतः तिच्यावर पडली, म्हणून पोर वाचली. मग हिने पोलिसांना मारेकऱ्यांची नावं सांगितली आणि जीव घेऊन इकडे आली. "मॅडम, उधर वापस गया तो मैं खलास," असं तिने मला सरळ सांगितलं होतं.

स्पीकर सुरू झाला आणि टेबलामागून ती झेपावलीच. जवळ उभ्या असलेल्या माझ्या सात वर्षांच्या लेकीला फरशीवर पाडून तिच्यावर पालथी पडली. लेकीचं कोपर खरचटलं, नवा परकर फाटला. स्पीकर बंद केल्यावर ती उठली आणि नुसतं "सॉरी, सॉरी" करत राहिली.

"वहिनी, हा अटॅक आहे! ही लोकं असलीच!" आमचे पुण्याचे ग्रुप-अॅडमिन गरजले. घरात पाल दिसली की बायकोच्या मागे लपणारे हे शूरवीर! दहा मिनिटांत त्यांनी तिच्या कंपनीला पाठवायचं तक्रारपत्र तयार केलं. बाकीच्यांनी चकलीचे तेलकट हात पुसून सह्या केल्या. "तुम्ही आई, तुमची सही सगळ्यांत वर हवी," असं मला सांगण्यात आलं.

"मम्मा, शी वॉज सेव्हिंग मी," लेक म्हणाली. डोंबलाची मम्मा! मला ते तिच्याआधी कळलं होतं. त्या गर्दीत तिची गोष्ट माहीत असलेली मी एकटी. तोंड उघडलं असतं तर फार तर काय, पुढच्या वर्षी चार घरांतून फराळाचं ताट आलं नसतं. तेवढ्यासाठी मी सही केली. अॅडमिनला काय नावं ठेवू, माझीच मला शिसारी येते.

आठवड्यात कंपनीने तिला काढलं, व्हिसा कॅन्सल झाला, म्हणजे परत नैरोबी. बॅग घेऊन निघताना तिने मला लॉबीत गाठलं आणि लेकीचं कोपर बरं झालं का, असं विचारलं. मी हो म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

काल ग्रुपवर मेसेज आलाय, यंदा सुतळी बॉम्बचा आवाज घ्यायचा का? खाली अंगठ्यांची रांग लागली आहे.

लेक अजून मधूनच विचारते, "मम्मा, इज शी ओके?" मी "इन्शाल्ला" म्हणते. इथे काम टाळायचं असलं की सगळे म्हणतात ना, अगदी तसंच.

ती गेली त्या दिवशी मी तिला "पोचलीस का?" म्हणून विचारलं होतं. त्या मेसेजवर अजून एकच टिक आहे.