प्यो सरांचा आडवा पॅराबोला

कोरियातल्या आमच्या आन्दोंग गावच्या शाळेत प्यो सरांइतका हेकट माणूस दुसरा नव्हता. एकतीस वर्षं गणित शिकवलं, पण त्यांच्या पेपरात चूक म्हणून कधी निघाली नाही. त्याचीच मिजास. दुपारी जेवणाच्या रांगेत, ताटात किमची वाढून घेतानासुद्धा मुलांना समीकरणं विचारायचे. आम्हा बाकीच्या शिक्षकांनाही वैताग नुसता.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या परीक्षेत त्यांनी प्रश्न घातला: (0,0), (1,1) आणि (4,2) या बिंदूंतून जाणाऱ्या पॅराबोलाचं समीकरण काढा. धडा आडव्या पॅराबोलाचा, म्हणून उत्तर x = y². सगळ्यांनी तेच लिहिलं. एकट्या नाम दा-इनने उभा पॅराबोला काढला. सरांनी तिला शून्य दिलं. त्या चार गुणांपायी तिची पहिली श्रेणी गेली. ती ठरावीक टक्के मुलांनाच देतात, म्हणजे आमच्या एवढ्याशा वर्गात एकालाच.

हरकत घ्यायला दोन दिवस असतात. ती दोनदा आली. दोन्ही वेळा सरांनी, धडा कुठला चालला होता, एवढं विचारून तिला वाटेला लावलं. तिसऱ्यांदा आली ती खडू घेऊनच. शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर तिने आपलं समीकरण लिहिलं, y = (7x − x²)/6, आणि एकेक बिंदू घालून दाखवला. तिन्ही बसले. सरांनी पेपर काढून पाहिला. ‘आडवा’ हा शब्द प्रश्नात नव्हताच.

मीही गणितच शिकवते, आणि परीक्षेआधी प्रश्नपत्रिका तपासल्याचा शिक्का माझा होता. प्यो सरांचा पेपर म्हणून मी तो प्रश्न सोडवून पाहिलाच नव्हता.

ती गेल्यावर सर चूक जाहीर करायची सूचना लिहायला बसले. मी म्हटलं, “सर, फेब्रुवारीत तुम्ही सुटताय. कशाला आता उकरून काढता?”

“उम बाई,” ते मला म्हणाले, “तिची चूक दाखवा. मी गप्प बसतो.”

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारावर सूचना लागली: प्रश्न अपुरा, दोन्ही उत्तरं बरोबर, चूक प्यो यांची. माझं नाव कुठेच नाही. मी तावातावाने जाब विचारायला गेले.

“तुम्हाला अजून वीस वर्षं काढायचीत इथं,” ते म्हणाले.

असा संताप आला त्या माणसाचा! तशीच पेन घेऊन दारापाशी गेले, सूचनेखाली माझं नाव लिहायला. सूचना पुन्हा एकदा वाचली आणि नाव न लिहिताच परत आले.

निरोपाच्या जेवणात मुख्याध्यापक म्हणाले, एकतीस वर्षांत सरांची एकच चूक. सगळे हसले. मीही हसले.