तुरा येता येता

पेरुंगुडीत नातवाच्या बिल्डिंगखाली कुंड्यांत तुऱ्याचं गवत लावलंय. ते बघितलं की आवडी गावातल्या आमच्या क्वार्टरमधली ती सकाळ आठवते. तळ्याकाठचं एक रानगवत मी तुपाच्या डब्यात लावलं होतं. शेजारी राहणाऱ्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई म्हणालेल्या, "मामी, तुरा आल्याशिवाय नाव सांगता येत नाही."

दोन वर्षं पाणी घातलं. जांभळा तुरा डोकावला, आणि त्याच सकाळी सासूबाईंनी ते मुळासकट उपटलं.

"श्राद्धाला दर्भ नव्हता गं, दारातच मिळाला!"

"आत्याबाई, तो दर्भ नव्हे."

"गवतच की!"

अंगाचा तिळपापड झाला, पण श्राद्धाचा दिवस, तोंड कसं उघडणार? गुमान पानं वाढली. पुढे ते तळंही बुजवलं गेलं, तसलं गवत पुन्हा मिळालं नाही. पितर तृप्त झाले म्हणे. माझं गवत मात्र बिननावाचंच गेलं.