व्हर्निअर मॅडम

इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा, रुमाल असतो. आमच्या मॅडमच्या पर्समध्ये व्हर्निअर असायचं. जाडी मोजायचं ते उपकरण त्या कुठेही बाहेर काढत. होस्टेलच्या चपातीची जाडी त्यांनी आचाऱ्यादेखत मोजली होती, आणि पुढे निदान आठवडाभर आम्हाला भाजलेली चपाती मिळाली. कोणी "साधारण झालंय" म्हटलं की विचारत, "साधारण म्हणजे किती?" सातपूरच्या आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्यांना हे नाव पडलं ते असं.

एका देशात शिकलेलं काम दुसऱ्या देशात कसं जोखतात, यावर त्यांनी डॉक्टरेट केली होती. परदेशात बैठकांना जात आणि परतल्या की सोमवारी कानस चालवणाऱ्या पोरांमध्ये उभ्या. म्हणत, "सर्टिफिकेट विमानात चढतं तेव्हा सर्टिफिकेट असतं, उतरतं तेव्हा नुसता कागद. तिथं हात बघतात." आम्ही एसटीपलीकडे काही पाहिलं नव्हतं. आम्ही हसायचो.

सिन्नरच्या कारखान्यांत जाताना त्या वाटेत आमच्या घरी हटकून थांबत, आईच्या हातची भाकरी खात. त्यामुळे दोन हजार सालाच्या सुमारास आखातातल्या एका कारखान्यासाठी निवड चाचणी ठरली आणि परीक्षक म्हणून मॅडमच बसल्या, तेव्हा मी निर्धास्त होतो. आईने गल्लीत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. लेथवर कातलेला माझा जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, मॅडमनी मोजला. चूक चार शतांश मिलिमीटरपर्यंत चालणार होती. माझी आठ निघाली. माझ्याकडे न बघता त्यांनी मला नापास केलं.

मी पेटलो. आमच्या घरचं मीठ खाल्लं आणि केसाएवढं सोडवलं नाही? पण पुढच्याच रविवारी त्यांचा निरोप आला, वर्कशॉप उघडं ठेवलंय. नाक मुरडत गेलो. त्या स्टुलावर बसून पेपर तपासायच्या, माझा जॉब मोजायच्या आणि म्हणायच्या, "परत." वर्षभर दर रविवारी हेच. समजुतीचा एक शब्द नाही, आणि आमच्या घरी तर त्यांनी पाऊलही टाकलं नाही. मोठी माणसं, आपली काय गरज, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या वर्षी परीक्षक तिकडचाच होता. मी पास झालो. मॅडम बाहेर पाण्याच्या टाकीशी उभ्या होत्या. पाया पडलो तर नुसतं "हं" म्हणाल्या.

आखातातल्या त्या कारखान्यात पोचल्यावर पहिल्याच दिवशी पुन्हा परीक्षा. आदल्या वर्षी कुठल्याशा संस्थेतल्या परीक्षकाने सांभाळून घेतलेला एक मुलगा तिथल्या परीक्षेत आपटून लोखंडाचा कीस झाडत होता. मला मशीन मिळालं. छातीवरचा धोंडा उतरला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "सुटले रे बाबा." मला वाटलं, सुटलो तर मी.

आठ दिवसांनी शेजाऱ्यांच्या फोनवर आई म्हणाली, "मॅडम आल्या व्हत्या. चुलीपाशी बसल्या. म्हनल्या, वरीसभर गाडी इथूनच जायची, पन उतरायची हिंमत नाय झाली. मी म्हनलं, अवो, मी कधी तुमाला बोल लावला का?"

मग त्या काय म्हणाल्या, मी विचारलं.

"काय म्हनतील? लय रडल्या. मंग दोन भाकरी खाल्ल्या, आन तिसरी मागून घेतली."