शोभनामावशींची ओटी

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या शोभनामावशी लोक रिटायर होतात त्या वयात नोकरीला लागल्या. नवरा गेला, घर खायला उठलं, म्हणून जवळच्या कॉलेजातल्या एका सोरोरिटीच्या घरी स्वयंपाकाला राहिल्या. सोरोरिटी म्हणजे भगिनीमंडळच म्हणा: एका छपराखाली राहायचं, कडाकडा भांडायचं आणि जन्मभर एकमेकींना बहीण म्हणायचं. तेव्हा अठ्ठावीस मुली होत्या. मावशी सगळ्यांच्याच मावशी झाल्या.

दर मे महिन्यात पास होऊन निघालेल्या मुलीची त्या ओटी भरत. तांदूळ, नारळ, ब्लाऊजपीसच्या जागी टी-शर्ट. मुलीनं चार दाणे परत ताटात टाकायचे, म्हणजे माहेर भरलेलं राहतं. विधवेनं ओटी भरू नये म्हणतात. पण त्या पोरींना शास्त्र कोण सांगायला बसलंय! मावशींनी बिनदिक्कत भरल्या.

माहेर मात्र रिकामं होत गेलं. नव्या मुलींना फी परवडेना, जुन्या रीतीभाती पटेनात. यंदा चौघीच उरल्या आणि वरच्या ऑफिसातून पत्र आलं, चॅप्टर म्हणजे ही शाखा बंद. मावशींना नोकरीचं काही नव्हतं हो. पण सकाळी उठून अंडी फेटायची कोणासाठी?

शेवटच्या दिवशी त्यांनी चौघींच्या ओट्या भरल्या. पर्स उचलली, तोच चौघींतली अध्यक्ष अनिका, सनीव्हेलच्या मराठी घरातली, आडवी आली. "मावशी, वेट! आता तुमची टर्न. बसा ना."

ताटात पाच मिनिटांत शिजणारा डब्यातला तांदूळ, नारळ आणि चॅप्टरचा शेवटचा टी-शर्ट होता.

मावशी मागे सरकल्या. "अगं, माझी नाही भरत. हे गेले ना माझे."

"सो?" अनिकाला खरंच कळलं नव्हतं. "तुम्ही पण हे घर सोडताय ना?"

नवरा गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत मावशींना कोणी असं 'बसा' म्हटलं नव्हतं. कोणाकडे हळदीकुंकू असलं की त्या आपणहून किचनमध्ये जाऊन भांडी घासत. आज त्या खुर्चीवर बसल्या. पदर नव्हता, म्हणून स्वेटरचं टोक पुढे धरलं. डोळे वाहायला लागले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

भरून झाल्यावर सवयीनं त्यांनी चार दाणे उचलले आणि थबकल्या. ताट आता खोक्यात जाणार होतं, घराला उद्या कुलूप. परत टाकायचे कुठे?

"हात पुढे करा गं," त्या म्हणाल्या, आणि चौघींच्या तळहातांवर एकेक दाणा ठेवला.