तळेगावच्या रानातलं समुद्रकाठचं घर

मोनिकाला मी चौथीत शिकवलं. उत्तर देण्याआधी ती खिडकीबाहेर बघायची; लक्ष नाही असं वाटायचं, पण उत्तर बरोबर यायचं. तिचे वडील म्हस्कू यांनी मेंढरं विकून शेती धरली, आणि मुलगी आर्किटेक्ट झाली.

पहिलं स्वतंत्र काम तिला आमच्या तळेगाव ढमढेऱ्याच्या आनंदरावांनी दिलं. उसाचे बागायतदार, कोकणात अगदी समुद्राला लागून त्यांनी जागा घेतलेली. तिथं पश्चिमेला उंडीची दोन दाट झाडं होती. मोनिकानं त्यांच्या आडोशाला, त्यांना वळसा घालणारं घर कागदावर काढलं. आनंदरावांना झाडं तोडून सरळ घर आणि समोर उघडा समुद्र हवा होता.

“झाडं ठेवायची तर मी दुसरा आर्किटेक्ट बघतो,” ते म्हणाले.

मोनिकानं वाद घातला नाही. एप्रिलात, ऊस तुटून गेलेल्या त्यांच्याच रानात तिनं पांढऱ्या फक्कीनं खऱ्या मापाची दोन घरं आखली. पश्चिमेच्या बांधावरच्या दोन चिंचा म्हणजे उंडी, त्यांच्यामागं तिचं घर. शेजारी, उघड्यावर, आनंदरावांच्या मनासारखं. दुपारी तिनं आम्हा सगळ्यांना बोलावलं.

“समुद्र कुठाय गं?” आनंदरावांच्या पत्नी साखरबाईंनी विचारलं.

“बांधापलीकडं, मामी.”

“तिथं शेजारच्या मच्छिंद्राचा कांदा हाय!”

“आजच्या दिवस समुद्र म्हणा.”

आनंदराव रेघ ओलांडून आत शिरले. “अहो, भिंतीतनं कुठं चाललाय? दार तिकडं हाय,” साखरबाई ओरडल्या.

चहा आला. आनंदरावांनी आपल्या उघड्या ओट्यावर खुर्ची टाकली. ऊन उतरू लागलं तसं थेट तोंडावर आलं. त्यांनी आधी टोपी पुढं ओढली, मग खुर्ची सरकवली. पुन्हा सरकवली. बोलता बोलता ते मोनिकाच्या ओसरीत, चिंचेच्या सावलीत येऊन बसले.

“तुमचा ओटा तिकडं राहिला,” साखरबाई म्हणाल्या.

आनंदराव दोन बुंध्यांमधून बराच वेळ बघत राहिले. “इथनं कांदा दिसतोय की.”

मोनिका टेप घेऊन जवळ आली.

“खालच्या फांद्या छाटता येतील?” त्यांनी विचारलं.

“थोड्या येतील, आबा. घराचं वळण मात्र राहू द्या, मुळ्या तिथवर आल्यात.”

“राहू दे मग झाडं. पण माझी खाट मावंल का इथं?”

मोनिकानं टेप लावला. खाट मावत नव्हती. तिनं पायानं एक रेघ पुसली आणि ओसरी हातभर वाढवली.