आधी उंट बाहेर

माझ्या बायकोला उंट आणि हत्तीतला फरक कळत नाही, असं मी एकदा साहेबांसमोर म्हणालो. ती तेव्हा पोह्यांची बशी घेऊन समोर उभी होती, आणि मला बुद्धिबळातला जो एकुलता एक बचाव येत होता तो तिनेच शिकवलेला होता. चूक सांगायची तर एवढीच. पण ‘एवढीच’ म्हणायचीही मला आता लाज वाटते.

रायपूर राजधानी झालं, त्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. राजधानी झालं म्हणजे काय, तर कालपर्यंत गल्लीत लुना ढकलणारे लोक ‘मंत्रालयात आपली ओळख आहे’ म्हणून सांगू लागले. आमच्या विभागाला इमारत नव्हती. समता कॉलनीत एक बंगला भाड्याने घेतला होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आवक-जावक, न्हाणीघरात जुन्या फायली आणि गॅलरीत मी. साहेब राज्याच्या वाटणीत भोपाळहून आले होते आणि ही वाटणी खास त्यांना शिक्षा म्हणून झाली आहे अशी त्यांची खात्री होती. ‘तुम्हारा रायपूर’ हे शब्द ते असे उच्चारत, जणू रायपूर मीच शिजवून वाढलं होतं आणि मीठ घालायला विसरलो होतो.

साहेबांना बुद्धिबळाचा नाद. जेवणाच्या सुट्टीत पट मांडला जाई आणि पांढरी मोहरी साहेबांकडे. कायम. मुठीत प्यादं लपवून ‘कुठला हात?’ विचारणं वगैरे आमच्याकडे नव्हतं. पांढरं हे पदाबरोबर येत असे, पंख्याखालच्या खुर्चीसारखं. बाकी आम्ही सगळे काळे, आणि सगळे हरणारे. काहींना खेळ येत नव्हता म्हणून ते हरत, काहींना नोकरी चांगली येत होती म्हणून.

मला जिंकायचं नव्हतं. चांगलं टिकायचं होतं, म्हणजे साहेबांच्या डोळ्यांत भरता येईल. माझी महत्त्वाकांक्षा ती एवढी. त्यासाठी मी बायकोकडे गेलो. ती अमरावतीला कॉलेजच्या संघातून खेळलेली. लग्नानंतर पुरानी बस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत तिचा पट कपाटावर, सुटकेसच्या खाली पडून होता.

“फक्त काळ्यानंच खेळाले शिकाचं?” ती हसली. “काहून, पांढरे हारपले का?”

“पांढरे साहेबाचे असतात.”

“बरं. मग मी होते तुमचा साहेब.”

संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसायचो. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून आलेली काळी धूळ पटावर साचलेली असे. बायको ती पदराने पुसून मोहरी मांडायची.

“साहेब राजापुढचं प्यादं दोन घरं टाकन. टाकू द्या. तुम्ही वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवा.”

“एकच घर? हे तर भेकडासारखं दिसते.”

“दिसू द्या न. तो वजिरापुढचं प्यादंही दोन घरं आणन. मग तुम्ही तुमच्या वजिरापुढचं प्यादं दोन घरं टाका, त्याच्या अंगावर. त्यानं राजाचं प्यादं पुढं रेटलं, का आधी उंट बाहेर काढा. मग राजापुढचं प्यादं एक घर सरकवून दार लावा. आधी उंट, मग दार.”

मी दर वेळी आधी दार लावायचो. उंट आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडून राही.

“अहो, घरात उंट बांधून ठेवला तुम्ही,” ती म्हणायची. “काय कराचं आता त्याचं, दूध काढाचं?”

मी चिडायचो. ती पुन्हा मांडायची. इतक्या संध्याकाळी ती साहेब होऊन पांढऱ्यानेच खेळली, तिचा खरा हात काळ्यावर होता, पण तिला कशाने खेळायचंय हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही.

त्याच सुमारास कार्यालयांच्या क्रीडा स्पर्धेत बुद्धिबळासाठी घरच्या मंडळींचाही गट निघाला. “माझं नाव द्याल का साहेबाकडे?” तिने विचारलं. लग्नानंतर तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. मी म्हटलं, “देतो न.”

रविवारी साहेबांना मी चहाला बोलावलं. पट मांडला. त्या दिवशी उंट आधी बाहेर आला, मग दार लागलं. साहेबांचा सगळा हल्ला त्या दारावर आपटत राहिला आणि डाव बरोबरीत सुटला. साहेबांनी रुमालाने मान पुसली.

“अरे, ये डिफेन्स कहाँ से सीखा?”

इतक्यात ती पोहे घेऊन बाहेर आली. तिच्याकडे बघून साहेबांनी गंमत केली, “कहीं भाभीजी ने तो नहीं सिखाया?”

खरं उत्तर साहेबांनीच माझ्या हातात दिलं होतं. फक्त ‘हव’ म्हणायचं होतं. पण आपण एका बाईच्या शिकवणीपुढे अडलो हे साहेबांना रुचणार नाही, एवढा हिशेब माझ्या डोक्याने पटकन केला. एरवी ते डोकं इतकं चपळ कधीच नव्हतं.

“अरे नहीं सर! इनको तो ऊँट और हाथी में फर्क नहीं मालूम.”

साहेब खदखदून हसले. मीही हसलो, त्यांच्याहून थोडं कमी, पदाप्रमाणे.

“मिर्ची कम डाली है, सर,” ती म्हणाली. बशी ठेवून आत गेली.

नाव मी दिलंच नाही. ऊँट-हाथी न कळणाऱ्या बाईचं नाव आता कुठल्या तोंडाने देणार? तिनेही पुन्हा विचारलं नाही. पट सुटकेसच्या खाली गेला. बोलणं चालू होतं: दूध, गॅस, पोट्ट्याची फी. बुद्धिबळाचा शब्द मात्र घरातून गेला. साहेबांनी माझ्याशी खेळणं सोडलं ते वेगळंच. म्हणाले, “यार, बोर खेलते हो.”

पुढे कार्यालय नव्या राजधानीत गेलं, जिथे रस्ते एवढे रुंद की पलीकडे माणूस आहे की नाही ते कळू नये. साहेब निवृत्त झाले आणि आयुष्यभर नाक मुरडलेल्या त्याच रायपूरमध्ये, समता कॉलनीत, घर बांधून राहिले. माझ्या मनातून मात्र ती बशी जाईना. एकदा स्वयंपाकघरात मी पुटपुटलो, “त्या दिवशीचं माफ कर.”

ती भेंडी चिरत होती. “बोलले साहेबासमोर, आन् माफी शेगडीसमोर काहून मागून राहिले?”

दिवाळीत साहेबांनी फराळाला बोलावलं. आम्ही दोघं गेलो. पट मांडलेला होता, पांढरं त्यांच्याकडे. “आओ, काले तुम्हारे.”

मी बसलो नाही. “सर, वो डिफेन्स इन्होंने सिखाया था. मैंने आपसे झूठ कहा था.”

“कौन-सा डिफेन्स?” साहेबांनी चकली मोडत विचारलं.

त्यांना काही आठवत नव्हतं. ज्या हसण्यासाठी मी तिला विकलं, ते हसणं त्यांच्याकडे शिल्लकही नव्हतं. मी तिच्याकडे वळलो आणि साहेबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, “तुनं मले शिकवलं, आन् मी यांच्यासमोर तुलेच हसलो. तुझं नावही दिलं नाही. माझं चुकलं. मले माफ कर.”