उजव्या डोळ्यातला करडा ठिपका

“उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय,” कुडाळच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. नजर जाणार का, असं कुठलाही शहाणा माणूस विचारेल. मी विचारलं, “तीन आठवड्यांत सुकेल ना? मला दौऱ्यावर जायचंय.”

मी भारतीय संघातला फलंदाज. चौथ्या क्रमांकावर खेळायचो. दोनदा वगळला गेलो, दोनदा परत आलो. गेल्या मालिकेत शतक झालं आणि आता कुठे जागा पक्की झाल्यासारखी वाटत होती.

बाईंनी ओसीटी केली होती. म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा आडवा काप दाखवणारा फोटो. दुखत नाही, हनुवटी टेकवून समोरच्या खुणेकडे बघत बसायचं. डाव्या डोळ्याच्या फोटोत मधोमध नीट खळगा होता. उजव्यात त्या जागी फोड आला होता, भाजताना पापडाला येतो तसा. आजाराचं नाव सेंट्रल सीरस कोरिओरेटिनोपॅथी. नाव लांबलचक असलं तरी अर्थ सोपा आहे. पडद्याचा जो भाग सगळ्यांत बारीक बघतो, त्याच्याखाली पाणी झिरपतं आणि तो उचलला जातो. मग सरळ वस्तू वाकडी दिसते, रंग फिके होतात, नजरेच्या मधोमध करडा ठिपका येतो.

सगळं जुळत होतं. सुट्टीत मालवणजवळच्या घरी आलो, तर परड्यातली पोफळ मधेच वाकलेली दिसली. “ही कधी वाकली?” असं बाबांना विचारलं, तर ते आधी पोफळीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी एकटाच कुडाळला गेलो.

“ताण, अपुरी झोप आणि स्टेरॉइड, या तिन्हींचा याच्याशी संबंध असतो,” बाई म्हणाल्या. दुखऱ्या खांद्यासाठी मी मोसम संपल्यावर स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं घेतली होती. “बहुतेकांचं पाणी तीनचार महिन्यांत आपोआप ओसरतं. काहींचं राहतं, मग लेझर करावं लागतं. काहींना परत होतं. तुमचं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. तोपर्यंत वेगवान गोलंदाजी खेळू नका.”

त्या शेवटच्या वाक्यानं माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या धंद्यात झाकली मूठ सव्वा लाखाची. दुखरं बोट चिकटपट्टी लावून लपवायचं, ताप असला तरी गोळी घेऊन उभं राहायचं. तुमची जागा घ्यायला चार जण पॅड बांधून बसलेले असतात. मी बाईंना सांगितलं, कुणाला बोलू नका. निघताना भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ डाव्या डोळ्यानं वाचून पाठ केली. दौऱ्याआधीच्या शिबिरात डोळे तपासायला असाच तक्ता असेल असं वाटलं. मूर्खपणाला औषध नाही.

घरी सांगितलं, डोळ्यात कचरा गेला होता.

मग रोजची सकाळ भीतीची झाली. बाईंनी ॲम्सलर ग्रिड दिला होता. ग्रिड म्हणजे चौकटींचा कागद, मधे एक ठिपका. डावा डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि रेषा वाकड्या दिसतात का ते पाहायचं. कागद उघडायचं मी जमेल तितकं लांबवायचो. रेषा वाकड्याच असायच्या. एकदा त्या कालच्यापेक्षा जास्त वाकड्या वाटल्या आणि मी न्हाणीघरात जाऊन ओकलो. वेगवान चेंडूंना मी आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो, जेवढा त्या कागदाला घाबरलो.

दोन्ही डोळे उघडे ठेवून भागेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो. खात्री करायला सुहासला बोलावलं. सुहास माझा शाळेपासूनचा दोस्त, रेडी बंदरात नोकरीला, रविवारी क्लबकडून वेगवान गोलंदाजी टाकतो. शाळेच्या मैदानावर मी हेल्मेट घालून उभा राहिलो. पहिले काही चेंडू अंदाजानं बॅटवर आले. नंतरचा एक त्याच्या हातातून सुटलेला दिसला आणि अर्ध्या वाटेवर नाहीसा झाला. परत दिसला तेव्हा तो हेल्मेटच्या जाळीवर आदळत होता.

सुहास धावत आला. “अरे, तुका चेंडू दिसलो नाय?”

“पाय घसरलो,” मी म्हटलं.

त्यानं खाली बघितलं. माझ्या पायाखालची खेळपट्टी सुकी ठणठणीत होती. आंतरराष्ट्रीय सामन्यात चेंडू याच्या दीडपट वेगानं येतो, हे मला कळत होतं. तरीही संध्याकाळी मी दौऱ्याची बॅग भरायला घेतली. वाचणाऱ्यांना हे वेडेपणाचं वाटेल. आजार लपवणारा माणूस वेडाच असतो, हे मला आता पटलंय.

प्रत्येक दौऱ्याआधी आई ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं घालते. आमच्याकडे गावचा मानकरी देवासमोर नारळ ठेवून माणसाचं मागणं मोठ्यानं बोलतो आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. या वेळीही गेलो. वीसपंचवीस माणसं होती. मानकरी भाऊकाकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “काय मागूचा हा? शतक?”

आई म्हणाली, “माका म्हायत नाय. तोच सांगतलो.”

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. नंतर कळलं, गेले कित्येक दिवस मी चहा कपाच्या बाहेर ओतत होतो आणि ती मुकाट्यानं पुसत होती.

“सांग रे झिला,” भाऊकाका म्हणाले. “संकट काय ता सांगल्याशिवाय गाऱ्हाणा कसा घालू? आणि देवाक खोटा सांगा नको.”

मी जमलेल्या माणसांकडे बघितलं. इथे बोललो तर बातमी तासाभरात मालवणच्या बाजारात आणि उद्या पेपरात. लपवावं, तर खोटं काय सांगावं ते सुचेना. शेवटी मी म्हटलं, “माका चेंडू दिसणा नाय.”

स्वतःच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं. भाऊकाकांचा आवाज बदलला. “बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू तुझ्या पुढ्यात उभा आसा. ह्येच्या डोळ्यावर जा काय संकट इला आसात ता दूर कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” माणसं म्हणाली. आईचा आवाज मला त्यांत वेगळा ऐकू आला आणि मी रडलो. लाज वाटली नाही.

देवळामागे जाऊन मी संघाच्या डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं, हेल्मेटवरच्या चेंडूसकट. ते म्हणाले, “तो चेंडू जाळीच्या फटीतून आत गेला असता तर?” मग त्यांनीच निर्णय दिला. “दौरा विसरा. आधी डोळा.”

दौरा गेला. माझ्या जागी गेलेल्या मुलानं दुसऱ्याच सामन्यात शतक ठोकलं. टीव्हीसमोर बसून मी टाळ्या वाजवल्या आणि आतून जळून खाक झालो. खोटं कशाला बोलू?

पुढचे महिने वाट बघण्याचे होते. दर पंधरवड्याला कुडाळ, बाकावर मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांमध्ये नंबरची वाट. पहिल्या दोन महिन्यांत पाणी जरासुद्धा हललं नाही. बाई लेझरबद्दल बोलू लागल्या, तेव्हा मी क्रिकेट संपलं असंच धरून चाललो होतो. तिसऱ्या महिन्यात फोड बसू लागला. पाचव्या महिन्यात बाईंनी दोन्ही डोळ्यांचे फोटो शेजारी ठेवले. दोन्हींत खळगा होता. “कोरडं आहे,” त्या म्हणाल्या. “पण परत होणार नाही, असं मी लिहून देणार नाही.”

तुमच्यापैकी कुणाला असा ठिपका दिसत असेल, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइड चालू असेल तर तसं सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका. आणि तुमच्या नजरेवर ज्यांचा भरवसा आहे त्यांच्यापासून लपवू नका, मग तुम्ही बॅट धरत असा, नाहीतर एसटीचं स्टिअरिंग.

जवळजवळ वर्षानं मला पुन्हा संघात घेतलं. खेळपट्टीकडे चालत जाताना डाव्या उजव्या पापण्या आलटून पालटून मिटून बघत होतो. पहिला चेंडू सोडला. दुसरा अडवला. तिसरा ऑफ स्टंपच्या बाहेर पडून आत आला आणि माझी मधली यष्टी घेऊन गेला. समालोचक म्हणाले म्हणे, की याचा डोळा अजून बरा दिसत नाही.

संध्याकाळी हॉटेलवरून आईला फोन लावला. तिनं धावांचं काही विचारलं नाही.

“चेंडू दिसलो रे?”

“दिसलो गे आये. हातातून सुटल्यापासून यष्टीवर लागापर्यंत. त्येची शिवणसुद्धा दिसली.”

“मगे आउट कसो झालंस?”

“चुकलंय.”

ती हसली. वर्षभरात पहिल्यांदाच मी तिचं ते हसू ऐकलं. शून्यावर बाद होऊन मीसुद्धा हसत होतो.